ञ शिकवणाऱ्या मॅडम

केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव या गावी मी राहायला गेले, त्या पहिल्या सकाळी मला वाटलं घरमालकिणीच्या पोटात दुखतंय. भिंतीपलीकडून आधी एक लांबलचक 'म्म्म' आला. मग 'न्न्न'. मग या दोघांच्या अधलंमधलं काहीतरी, आणि शेवटी घशाच्या तळातून, बैलानं दावणीला हुंकारावं तसा एक आवाज. मी चप्पल न घालताच पळत गेले. मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. सुती पातळ, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, डोळे मिटलेले, आणि नाकाखाली आडवा धरलेला तळहाताएवढा आरसा.

"मॅडम, डॉक्टरला बोलवू का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "कावून? तुला बरं वाटंना का?"

"तुम्ही विव्हळत होता ना..."

"इव्हळत न्हवते गं. नाक लावत होते. तंबोरा लावतेत न्हाई का, तसं." आणि डोळा परत मिटून घेतला.

मी मूळची पाटोद्याची. वडलांचं तिथं शिलाईचं दुकान. वडगावात एका खासगी डेअरीत संगणकावर बसायचं काम मिळालं आणि मॅडमच्या घरातली बाजूची खोली भाड्यानं मिळाली. मॅडमबद्दल गावात एवढंच ठाऊक होतं की त्या दिल्लीत बरीच वर्षं कुठलीतरी परदेशी भाषा शिकवत होत्या, मध्ये काही काळ पेरू नावाच्या देशात राहिल्या, लग्न केलं नाही, आई थकली तेव्हा नोकरी सोडून गावी आल्या, आणि आई गेल्यावरही परत गेल्या नाहीत. ती परदेशी भाषा म्हणजे स्पॅनिश. रविवारी ओट्यावर त्यांचा वर्ग भरे. गावातले लोक त्याला नाकाची शाळा म्हणत.

म्हणत, कारण मॅडमना माणसाच्या तोंडावरचा बाकी कुठलाच अवयव तेवढा महत्त्वाचा वाटत नसे. कुणाशीही बोलताना त्या डोळ्यांत बघायच्या नाहीत, नाकाकडे बघायच्या. समोरच्याला वाटे आपल्या नाकाला काहीतरी लागलंय. नवे सरपंच निवडून आल्यावर पेढे घेऊन आले होते. मॅडमनी एका हातानं पेढा घेतला आणि दुसऱ्या हातानं त्यांचं नाक चिमटीत धरलं.

"आता म्हना, नमस्कार."

"दबस्कार," सरपंच म्हणाले.

"बघा. नाक धरलं की मानसाला नमस्कार बी करता येत न्हाई."

सोबत आलेली माणसं खाली बघून हसत होती. सरपंचांनी मात्र नाक सोडवून घेतल्यावर स्वतःच पुन्हा दाबलं आणि दोनतीनदा नमस्कार म्हणून बघितलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ही म्हण मॅडमना साफ नामंजूर होती. "ज्यानं केली त्यानं कधी दाबून बघितलं न्हाई," त्या म्हणायच्या. "नाक दाबलं की अर्धी भाषा मरती."

कुणाला पडसं झालं की त्यांना आनंद व्हायचा. दुसरे शिक्षक शिंकणाऱ्याला घरी पाठवतात, या त्याला पुढं बसवायच्या. "ये ये, तुजीच वाट बघत होते. म्हन, मामा." तो बिचारा "बाबा" म्हणायचा आणि मॅडम बाकीच्यांकडे वळून म्हणायच्या, "ऐकलं? म मधलं नाक काढलं की खाली ब उरतो." स्वतःला पडसं झालं की मात्र वर्ग बंद. "आज दुकानात माल न्हाई," असं दारातूनच सांगायच्या.

माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते एका शब्दावरून. राहायला येऊन आठवडाभर झाला असेल. मी बादली घेऊन नळाजवळ उभी होते. म्हटलं, "मॅडम, वॉटर आलं का?"

"काय आलं का?"

"वॉटर."

"कावून गं? पानी मेलं का?"

मी बादली नळाखाली ठेवून तोटी सोडली. पुण्याला एम.ए.ला गेले होते तेव्हाची गोष्ट होती ती. आमच्याकडं पाणी नसतं, पानी असतं. कोण नसतं, कोन असतं. वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात ते पकडलं. माझ्या पाठीमागं 'पानी पानी' सुरू झालं. मग एकदा वर्गात वाचून दाखवताना माझं 'वानी' झालं. शिकवणाऱ्या सरांनी मला उभं ठेवून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. मी जितकी जास्त घाबरत गेले, तितका ण लांब पळत गेला. वर्ग हसत राहिला. त्यानंतर मी ण असलेले शब्द टाळायला शिकले. पाण्याला वॉटर, पण ला पर, कोण विचारायची वेळ आली तर गप्प. शेवटी इतकं टाळलं की बोलायचंच राहून गेलं आणि एक दिवस पेटी उचलून गावी परत आले. घरी सांगितलं, तब्येत बरी नव्हती.

हे सगळं मी नळापाशी, बादली भरून वाहत असताना, कधी सांगून टाकलं ते मला कळलंच नाही. मॅडमनी नळ बंद केला. मला वाटलं, आता ण कसा म्हणायचा ते शिकवतील. जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला लावायचं असतं, एवढं मलाही माहीत होतं.

"स्पॅनिश शिक," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"त्यांच्यात ण च न्हाई. राजेरजवाडे झाले, जहाजं घेऊन अर्धी दुनिया फिरले, कुनाला कदी कमी पडला न्हाई."

मी किती दिवसांनी मोठ्यानं हसले.

मॅडमच्या शिकवण्यात पुस्तक फार उशिरा यायचं. आधी तोंड. त्या म्हणायच्या, स्पॅनिशमध्ये नाकातले आवाज लिहायला म, न आणि ञ असे तीनच, पण बोलताना न जागा बघून रूप बदलतो. पुढं ब आला की त्याचा म होतो, ग किंवा क आला की ङ होतो. मी म्हटलं, हे लक्षात कसं ठेवायचं? "ठेवायचं कशाला? अंगन म्हन. आता अंबा म्हन. दोन्हीकडं टिंब एकच, पन अंबा म्हनताना व्हट मिटले का न्हाई? कुनी शिकवलं? जिभेला सगळं ठाऊक हाय. आपुन तिला इचारत न्हाई, एवढंच."

अडलं ते ञ पाशी. मराठीच्या मुळाक्षरांत तो लहानपणी नुसता पाठ केलेला. चित्रांच्या तक्त्यात त्याच्या चौकोनात चित्रसुद्धा नसतं. मी तो 'न्य' असा म्हणायची. मॅडम कान झाकून घ्यायच्या. "न्य म्हंजे दोन पावलं. आधी न, मग य. ह्यो एकाच उडीत व्हतो." मला फरक ऐकूच यायचा नाही. माझ्या कानाला दोन्ही सारखेच. मी रडकुंडीला आले की त्या म्हणायच्या, "तुजी जीभ चांगली हाय. कान भित्रा झालाय. त्याला जरा दम खाऊ दे." मग त्या स्वतः पडद्याआड उभ्या राहून एकदा न्य म्हणायच्या, एकदा ञ, आणि मी नुसतं ओळखायचं. बोलायचं नाही. असे कितीतरी रविवार गेले. ओळखता यायला लागलं तेव्हा एका सकाळी त्यांनी गुळाचा खडा माझ्या टाळूला चिकटवला. "जिभेचं टोक खालच्या दाताच्या मागं ठेव. हलू देऊ नको. आता मधली जीभ गुळाला लाव आन् न म्हन." मी म्हटलं. जो आवाज आला तो न नव्हता, न्य नव्हता. मऊ, ओला, एकसंध असा तो होता. मॅडम उठल्या. आत जाऊन त्यांनी गुळाची अख्खी ढेप आणून माझ्यापुढं ठेवली.

वर्गात माझ्याखेरीज नियमानं येणारा एकच. आष्टीकडचा एक शेतकीचा पदवीधर, केजला एका खताच्या कंपनीत कामाला. त्याला डाळिंबं परदेशी पाठवायची होती. हुशार होता, पण ञ दिसला की घाईनं न म्हणून पुढं जायचा. एकदा तो छाती काढून उभा राहिला आणि आपलं वय सांगितलं, "तेंगो वेइंतिक्वात्रो आनोस."

मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला. "चोवीस? मंग बसायची लई पंचाईत व्हत असंल रं तुजी."

त्याला कळेना. मॅडमनी चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता सांगितलं की आञोस म्हणजे वर्षं, आनोस म्हणजे ढुंगणं. तो लाल झाला. मी पदर नसताना पदरात तोंड लपवायला बघत होते. त्यानंतर त्याचा ञ जन्मात कधी चुकला नाही.

पण त्याच दिवशी, तो गेल्यावर, मॅडमनी मला आणखी तीन शब्द दिले. कामा म्हणजे खाट. काना म्हणजे पांढरा केस. काञा म्हणजे ऊस. "म, न, ञ. बाकी सगळं सारखं. दिल्लीत पयल्या वर्षी हे तीन शब्द सरांनी फळ्यावर लिहिले. सगळी पोरं म्हनून दाखवत व्हती. मला म्हनताच येईनात."

"अवघड वाटले?"

"न्हाई गं. माजी माय दिसायली." त्या ओट्याच्या कडेला बसल्या. "दर साली कारखान्यावर जायची. ऊस तोडता तोडता केस पिकले तिचे. खाट तवा न्हवतीच, ती मी म्हातारपनी आनली, तर तिला झोप येईना. म्हनायची, मऊ लागतंय, खाली टाक. तिची समदी गोष्ट त्या तीन शब्दांत हाय. एक आवाज इकडचा तिकडं झाला तर गोष्ट चुकती. म्हनून मी एवढी मागं लागती तुमच्या."

एवढं बोलून त्या उठल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

मग ते झालं. आठवडी बाजारात मिरच्या निवडता निवडता मॅडम खाली बसल्या त्या उठेचनात. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डोक्यातल्या नसेत गाठ झाली होती. वेळेवर आणलं म्हणून वाचल्या. हात आठवड्याभरात हलायला लागला, पायही. एकच गोष्ट राहिली. टाळूच्या मागं एक मऊ पडदा असतो, डॉक्टरांनी मला समजावलं, बोलताना तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. मॅडमचा पडदा लुळा पडला होता. नाकाची वाट सताड उघडी. म आणि न धड होते, पण ब म्हणायला गेलं की म निघे, द चा न होई, ड चा ण, ग चा ङ.

मला वाटलं होतं, त्यांना गंमत वाटेल. इतरांना पडसं झालं तरी ज्या हरखून जायच्या, त्या स्वतःच्या टाळूवर निदान महिनाभर बोलतील. पण मॅडम गप्प झाल्या. घरी आल्यावर शेजारपाजारच्या बायका भेटायला येत, मॅडमनी काही सांगितलं की "काय म्हनल्या?" असं विचारत, आणि मॅडम हातानंच 'काही नाही' करत. रविवारचा वर्ग बंद झाल्याचं मला लोकांना सांगायला लावलं. एकदा चहात गूळ कमी होता. त्या बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "साखर."

मी गूळच आणून दिला. ग नको म्हणून साखर. त्या शब्द निवडून बोलत होत्या. ही चाल मला ओळखीची होती. याच चालीनं मी पुण्यातून हरून परत आले होते. आणि ज्या बाईनं मला त्यातून ओढून काढलं तिला काय सांगावं, ते मला सुचत नव्हतं.

सुटका केली ती आष्टीच्या त्या पठ्ठ्यानं, तीही नकळत. वर्ग बंद असल्याचा माझा निरोप त्याला मिळालाच नव्हता. रविवारी तो मोटारसायकलवर हजर, आणि त्याला पडसं असं झालेलं की नाक पार बंद. मॅडम ओट्यावरच होत्या. आत जायला उठल्या, पण तोवर तो पायरीपाशी आला होता.

"बॅडब," तो म्हणाला, "उशीर झाला, बाफ करा."

मॅडमनी वळून त्याच्या नाकाकडे बघितलं. शिष्टाचार म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं.

"मस," त्या म्हणाल्या.

तो बसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय ऐकलं, आणि त्यांच्याही लक्षात आलं की आपण काय ऐकलं. त्याचे म ब झाले होते, यांचे ब म झाले होते. कुणी आधी हसावं हा प्रश्न होता. मॅडमच हसल्या. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी त्याच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. "तुञं नार मंन. माञं नार उङणं." तुझं दार बंद, माझं दार उघडं.

त्यानंतर त्यांनी मला दोन आरसे आणायला लावले. एक त्याच्या नाकाखाली, एक त्यांच्या. दोघांनी एकच शब्द म्हणायचा. त्याचा आरसा कोरडा राही, यांचा वाफेनं भरे. तासभर चाललं होतं. ओट्याखाली बायका जमल्या, कुणी हसलं, मॅडमनी त्यांनाही वर बोलावलं आणि त्यांच्या नाकाखाली आरसे धरले. निघताना त्यानं सहज विचारलं, पुढची तपासणी कुठं आहे. मॅडम म्हणाल्या, "मीण." बीड म्हणायचं होतं. मग माझ्याकडे वळून बोट उंचावून म्हणाल्या, "ऐकलंस? ण! लहानपनापासून आला न्हाई. आता फुकट मिळालाय, हवाय का तुला?"

पुढच्या रविवारपासून वर्ग सुरू झाला. पाटीवर लिहून नव्हे, खुणा करून नव्हे. आहे त्या आवाजात. नव्या विद्यार्थ्यांना त्या आधीच सांगायच्या की माझे कुठले आवाज बिघडलेत, ते तुम्ही ऐकून ओळखा, कान तयार होईल. आणि रोज सकाळी डेअरीला जायच्या आधी मी त्यांच्या नाकाखाली आरसा धरायची. ब. वाफ. ब. वाफ. कधी चिडायच्या, कधी माझ्यावरच ओरडायच्या की आरसा हलतोय. पण एकही सकाळ चुकवली नाही.

अशातच मला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. मुलाखत संगणकावर, मॅडमच्याच ओट्यावर बसून दिली. पलीकडच्या बाईनं मध्येच विचारलं, तुमचे ञ इतके चांगले कसे, तिकडे कुठे राहिला होता का? मी म्हटलं, नाही, केज तालुक्यात. मॅडम दाराआड उभ्या होत्या. मला त्यांचा फक्त एक बूट दिसत होता आणि तो थरथरत होता.

नोकरी मिळाली, आणि मला जावंसं वाटेना. मी म्हटलं, तुमचा ब आल्याशिवाय मी जात नाही. सकाळी आरसा कोण धरणार?

"नाक आपलं. मीच नरीन."

"मॅडम, थोडे महिने."

"ञा," त्या म्हणाल्या.

जा म्हणायचं होतं. पण ज ची वाट नाकातून गेली आणि आला तो ञ, स्वच्छ, ओला, एकाच उडीतला. इतका सुंदर ञ मी त्यांच्याकडूनही कधी ऐकला नव्हता. माझे डोळे भरले. त्या वैतागून म्हणाल्या, "रणती काय. ञा म्हनलं ना." मी गेले.

आता दर रविवारी वर्ग सुटला की त्यांचा फोन येतो. आमच्याकडं मोठ्या बायका पोरींशी मायेनं बोलताना 'बाई' म्हणतात. मॅडमनाही तेच म्हणायचं असायचं. पण ब चा म होऊन माझ्या कानावर पडायचं, माई. काय चाललंय माई. जेवलीस का माई. माझ्याएवढ्या मुलीला कुणी माई म्हणत नाही. मला ते आवडायला लागलं, पण ते त्यांच्या दुखण्याचं लेणं होतं, म्हणून आवडतं असं सांगायची मला लाज वाटायची.

हळूहळू फोनवरचा आवाज निवळत गेला. आधी द आला. मग ड आला. ग अधूनमधून यायचा, जायचा. ब काही केल्या येईना.

गेल्या महिन्यात त्यांनी रविवारची वाट न बघता फोन केला, तो कसलीच चौकशी न करता. "ऐक," त्या म्हणाल्या, आणि थांबून, एकेक करून, "बाजार. बाभळ. बशी. बीड."

मी म्हटलं, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. मी म्हटलं, अजून एकदा. कार्यालयातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. आरसा कुणी धरला, मी विचारलं. तर म्हणाल्या, सरपंचाची बायको रोज सकाळी येती, तिला बी शिकायचंय. मग शेळीला दोन पिलं झाल्याचं सांगितलं. आष्टीवाल्याची डाळिंबं गेली म्हणाल्या, जहाजानं. त्या बोलत होत्या आणि मी ब मोजल्यासारखे ऐकत होते, प्रत्येक ब कोरा करकरीत. मला इतका आनंद झाला होता, आणि त्यातच कुठंतरी मनात आलं की आता आपण इतर पोरींसारख्याच, बाई.

"बरं, ठेवते," त्या म्हणाल्या. तिथलाही ब पक्का होता. मग जरा थांबल्या.

"नीट राहा, माई."